बाई उठल्या की प्रिंटर थांबतो

सोम. ४ मे १९८७
सायकलची सीट तापून तवा. सदर बाजारात पोचेपर्यंत दुपट्टा घामाने ओला. कॉम्प्युटर सेंटरचा जिना चढून मशीनच्या खोलीत शिरलं की जीव थंड होतो. अख्ख्या इमारतीत एसी फक्त मशीनला. आम्ही त्याच्या कृपेने.
आजपासून गुणपत्रिका. एका शिक्षणसंस्थेच्या शाळांचे मार्क चढवून झाले, आता माझ्या प्रोग्रामने बेरजा करून छापायचं. रोज एक शाळा, जेवणानंतर सुरू. सकाळी इतर गिऱ्हाइकांची एन्ट्री असते, तेव्हा मशीन हळू झालेलं चालत नाही. १६ ला, शनिवारी, संस्थेचे सेक्रेटरी गठ्ठे न्यायला येणार. माझा पहिला मोठा प्रोग्राम.
सुरू मीच करणार असं धरून मेन टर्मिनलपाशी गेले, तर आमचे मालक धोटेसाहेब, "थांबा कुंदाताई. बोहनी बाईच्या हातची."
साहेबांच्या वडिलांचं खाली कापडाचं दुकान. दिवसाची पहिली विक्री लाभणाऱ्या हातानेच व्हावी, हे बाळकडू. वर कॉम्प्युटर आणला, पण बोहनी जिन्याने वर आलीच. प्रमिलाबाई ऑपरेटर म्हणून रुजू झाल्या त्याच आठवड्यात दोन मोठी कामं मिळाली. तेव्हापासून सकाळी मेन टर्मिनलवर पहिलं लॉगिन त्यांचं. त्या येईपर्यंत बाकीचे मांडीवर हात ठेवून बसतात. मी पण. दात-ओठ खात.
तर प्रोग्राम माझा, बटण बाईंचं. बाईंनी स्क्रीनला नमस्कार केला आणि दाबलं. छापायला लागला. छान वाटलं, खोटं कशाला बोलू.

मंगळ. ५
काल संध्याकाळी मध्येच थांबला म्हणे. स्क्रीनवर काही तक्रार नाही, काही नाही. नुसता गप्प. निम्मी शाळा छापून निम्मी तशीच. मी चारलाच निघाले होते, दाताच्या डॉक्टरकडे.
वसंता (दुसरा ऑपरेटर, दुपारून येतो) म्हणाला, "लाइट डिम झाले होते ताई." याला कशाचंही कारण लाइट.
आज पुन्हा तीच शाळा. पुन्हा थांबली. तेव्हा मी खाली मठ्ठा पीत होते. कर्म माझं.

बुध. ६
आज तिसऱ्यांदा. दिवसभर प्रोग्राम चाळला, चूक सापडली नाही. धोटेसाहेब दारात उभे राहून कागदाच्या वाया गेलेल्या गठ्ठ्याकडे बघत होते.
मी सुचवलं, उद्या वसंताला सुरू करू द्या, बघू. साहेब म्हणाले, "शुभ कामात प्रयोग नाही पाहिजे."
बाई म्हणाल्या, "मी तं बरोबरच दाबून राहिली ना वं कुंदा?" म्हटलं, बाई, तुमचं काही चुकत नाही, माझंच कुठेतरी. टर्मिनल उघडं टाकून उठायचं नाही, एक्झिट मारूनच उठायचं, हे मी शिकवल्यापासून बाईंनी एकदाही सोडलेलं नाही. वसंताला शंभरदा सांगून झालं.

गुरु. ७
झाला. अख्खी शाळा, शेवटच्या पोरापर्यंत.
काही बदललं नव्हतं मी. बदल इतकाच की शहरबसवाल्यांचा संप. बाई रोज साडेचारला गावच्या, बेशाच्या बससाठी उठतात, आज जाणार कशाने? दीर सायकलवर घ्यायला यायचा होता कामावरून सुटल्यावर. तोवर इथेच एन्ट्री करत बसल्या. तो आला तेव्हा शेवटचा कागद बाहेर पडून गेला होता.
सगळ्यांसाठी संत्राबर्फी आणली साहेबांनी. मी दोन खाल्ल्या.

शुक्र. ८
माझं डोकं फिरलंय.
बस चालू झाली, बाई साडेचारला गेल्या, प्रोग्राम थांबला. साहेबांनी मान डोलावली. त्यांना म्हणे कळलं. "हात लाभतो तो इथं असला तं लाभन ना. बाई घरी गेल्या का हात बी गेला." उद्यापासून छपाई संपेपर्यंत बाईंनी थांबायचं.
मी म्हटलं, साहेब, मशीनला बाई दिसतात का? म्हणाले, "तुमाले पटो का न पटो. काल झालं का नाही काम?"
जास्तच राग आला. एम.एस्सी. करून मी दुकानाच्या वरच्या मजल्यावर मुहूर्त सांभाळते आहे.
धावत जाऊन बाईंना स्टॉपवर गाठलं आणि निरोप मीच सांगितला. पण बेशाला शेवटच्या बसने उतरायचं, पुढे शेतातून अंधारात चालायचं. घरी म्हातारी सासू. "जमून जाईन," म्हणाल्या. जमणार नाहीये ते दिसत होतं चेहऱ्यावर.

शनि. ९
सापडलं.
बाई थांबल्या होत्या. मध्ये मी मुद्दाम त्यांना खाली रस प्यायला पाठवलं. हात इमारतीबाहेर गेला, प्रिंटर चालूच. साहेबांना दाखवणार, तेवढ्यात बाई परत येऊन बसल्या. आज मोठी शाळा, सहा वाजून गेले तरी एक वर्ग उरलाच होता. शेवटची बस. बाई उठल्या, नेहमीप्रमाणे एक्झिट मारलं. मी प्रिंटरपाशी उभी होते. त्याच क्षणाला थांबला. ओळ अर्धी.
हात नाही. एक्झिट!
धावत जिना उतरले, पण बाई बसमध्ये चढल्या होत्या. मी रस्त्यातच एकटी हसत उभी. पानवाला बघत होता.

रवि. १०
काल मॅन्युअल टॉवेलात गुंडाळून घरी आणलं. साहेबांना माहीत नाही. आई म्हणाली, "कोणती पोथी लावली वं?" म्हटलं, तशीच समज.
आजचा दिवस पारायण. समजलं ते असं, पुढे विसरीन म्हणून लिहून ठेवते. माणूस लॉगिन करतो तेव्हा मशीन त्याच्यासाठी एक शेल उभं करतं. ते त्या घरातलं कर्तं माणूस. त्यानंतर त्या टर्मिनलवरून जे जे सुरू होईल ते त्याच घरात जेवणार. कर्ता उठून गेला की सिस्टिम सगळ्या घराला हाक देते, चला, उठा, आटोपलं. माझा प्रोग्राम बाईंच्या घरातला. बाई एक्झिट म्हणाल्या की बिचारा भरल्या ताटावरून उठून जात होता. म्हणूनच स्क्रीनवर तक्रार नव्हती. त्याला मारलं नव्हतं, पानावरून उठवलं होतं.
म्हणजे धोटेसाहेबांचं खरंच होतं. बाई होत्या तोवर चालत होतं. आपल्याला ज्याची चीड आली होती ते बरोबर निघावं, आणि तेही चुकीच्या कारणाने. अर्धा तास नुसती चिडून बसले, मग हसू आलं.
उपाय पण आहे. सेटपीजीआरपी नावाचा एक कॉल. प्रोग्रामने सुरू झाल्या झाल्या तो सिस्टिमला केला की तो वेगळी चूल मांडतो. मग कर्ता गेला काय न् राहिला काय. 'नोहप' म्हणून दुसरी तयार सोय पण दिसली, पण ती दर वेळी आठवणीने टाइप करायची. कशाला कोणाच्या आठवणीवर राहा. प्रोग्रामने आपलं आपण बघावं.
बाबांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, वेगळी चूल मांडायला एवढी मोठी पोथी लागते होय.

सोम. ११
लिहावंसं वाटत नाही.
सकाळी बाई जिना चढून आल्या आल्या मी म्हटलं, अगदी हसत, जोरात, साहेबांसमोर, "बाई, सापडलं! तुम्ही उठलात की मरतं ते!"
मला वाटलं विचारतील, कसं काय वं. त्यांनी पिशवी खुंटीला लावली. मेन टर्मिनलपाशी गेल्याच नाहीत. कोपऱ्यातल्या टर्मिनलवर बसल्या, जिथे एसीचा वारा पोचत नाही, आणि एन्ट्री करायला लागल्या.
साहेब: बाई, बोहनी? बाई: "बोटं दुखून राहिली."
साहेबांनी दुसऱ्या कोणाला मेन टर्मिनलला हात लावू दिला नाही. दुपारपर्यंत ते तसंच, रिकामं.
दुपारी वसंता आला, साहेबांकडून सगळं ऐकून त्याने मला बाजूला घेतलं. म्हणाला, ताई, तुमाले माहीत नाही का? बाईंचे यजमान लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी गेले. सासरी सगळे हिचा पायगुण म्हणायचे. अजून कोणी हळदीकुंकवाला बोलवत नाही, घरच्या लग्नात पुढे येऊ देत नाही. "इथंच काय ते त्यांच्या हाताले मान आहे."
मला माहीत नव्हतं. दोन वर्षं त्यांच्या डब्यातलं लोणचं खाते आहे मी, आणि विचारलं कधी नाही. बोहनीला हसत आले. त्या खुर्चीवर त्या रोज सकाळी कशा बसायच्या, नमस्कार करून, पदर सारखा करून, ते आता डोळ्यांपुढून जात नाही.

मंगळ. १२
कॉल घातला प्रोग्राममध्ये. जेवणानंतर माझ्याच नावाने लॉगिन करून सुरू केला. साहेबांनी तोंड फिरवलं, पण शनिवार जवळ आलाय, नाही म्हणाले नाहीत.
चार वाजता एक्झिट मारलं. प्रिंटर चालूच! वेगळी चूल पेटली.
बाईंनी कोपऱ्यातून पाहिलं असावं. मान वर केली नाही.
शेवटी भलताच प्रकार. गुणपत्रिकेच्या तळाशी 'तयार करणार' म्हणून लॉगिनचं नाव छापायचं असतं. संस्थेची अट. चारपर्यंतच्या सगळ्यांवर कुंदा, आणि नंतरच्या सगळ्यांवर वसंता! मी उठल्यावर तो त्या टर्मिनलवर येऊन बसला होता, एसीखाली. नाव विचारायचा जो कॉल मी वापरला तो पठ्ठ्या बघतो की या टर्मिनलवर आत्ता कोण लॉगिन आहे. काम कोणी सुरू केलं त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. खुर्ची पाहून नाव सांगतो.
वसंता खूश. "राहू द्या ना ताई, मायं बी नाव होऊन जाईन शाळेत."

बुध. १३
नावाचं दुरुस्त केलं. प्रोग्राम आता सुरू होतानाच विचारून घेतो, कोणी सुरू केलं मला, आणि ते नाव शेवटपर्यंत जवळ ठेवतो. मग खुर्चीवर कोणी बसो. काल-आज मिळून, चुकीच्या नावाचे कागद पुन्हा छापून, दोन शाळा झाल्या. रिबन संपत आली, म्हणून शेवटची, सर्वांत मोठी शाळा परवा.
दुपारी डबा घेऊन कोपऱ्यात बाईंशेजारी जाऊन बसले. माफी मागायची म्हणून वाक्यं जुळवली होती, एकही आलं नाही. नुसतंच, बाई माझं चुकलं.
बाई म्हणाल्या, "तू खरंच बोलली ना वं. मी उठली का बंद पडत होतं."
म्हटलं, बंद पडत होतं कारण मी त्याला एकट्याने राहायला शिकवलं नव्हतं. आता शिकवलंय. "तुम्ही सुरू करा, आणि माझ्यादेखत उठा. बघा."
"आन् थांबलं तं?"
"नाही थांबणार."
"तुले वाटते," म्हणाल्या. मग माझ्या डब्यात लोणच्याची फोड टाकली. बोहनीबद्दल हो नाही, नाही नाही.

गुरु. १४
आज छपाई नाही, रिबन संपली. रिबन मिळवायला सीताबर्डीभर फिरले. ऊन ऊन ऊन. घरी आले तर आईने पन्हं ठेवलं होतं, तीन पेले प्यायले.
डोक्यात एकच. उद्या बाई बसल्या आणि काहीतरी दुसरंच होऊन थांबलं तर? वीज जाऊ शकते, कागद अडकू शकतो. काहीही झालं तरी त्या ते आपल्यावरच घेणार. माझा प्रोग्राम गेला खड्ड्यात, पण ते नको.

शुक्र. १५
उशीर झालाय तरी लिहून झोपते.
साहेब सकाळीच कोपऱ्यापाशी जाऊन उभे. कापडाच्या थानापुढे गिऱ्हाइकाला विनवावं तसे. "बाई, शेवटची शाळा आहे. तुमीच करा." बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी मान हलवली. जेवणानंतर आल्या, मेन टर्मिनलवर बसल्या. नमस्कार केला नाही. नुसतं लॉगिन, आणि सुरू.
साडेचार झाले. प्रिंटर सातवीत पोचला होता, पुढे तीन वर्ग बाकी.
"बाई, उठा आता. बस."
"मी बसते वं. बस गेली तं गेली."
"उठा म्हणते ना."
दारातून साहेब: "नका उठू बाई! काहून उठता? उद्या सेक्रेटरी येऊन राहिले."
एकीकडे मी, एकीकडे मालक. बाई मध्ये. मला वाटलं साहेबांचंच ऐकणार, कोण नाही ऐकणार. माझं बोलणं झालं होतं बुधवारी.
बाईंनी पदर सारखा केला. एक्झिट टाइप केलं. बटणावर बोट ठेवून थांबल्या. मग दाबलं.
स्क्रीन पुसली गेली, पुन्हा कोरं लॉगिन आलं. आणि प्रिंटर थांबला.
मी मेले. साहेब "अरे देवा" म्हणाले. वसंता उठून उभा. बाई मात्र जागच्या जागी, चेहऱ्यावर काही नाही, जणू ठाऊकच होतं त्यांना.
आणि मग प्रिंटरने सातवी संपवून कागद वर सरकवला, आठवीचा मथळा मारला, आणि निघाला खडखडत. एक वर्ग संपला की तो असा दम घेतो. मीच लिहिलंय ते! मीच विसरले!
बाई प्रिंटरपाशी गेल्या. पहिला कागद फाडायच्या आधीच वाकून तळाशी पाहिलं. प्रमिला. दुसरा. प्रमिला. वसंता मुद्दाम जाऊन त्यांच्या जागी बसला, स्वतःच्या नावाने लॉगिन केलं. तिसरा. प्रमिला. "मायं नाव गेलं," म्हणाला बिचारा.
बाई हसल्या. पदर तोंडाला लावून, आवाज न करता, पण खांदे हलत होते. मला रडू आलं. मी एसीचं बटण तपासायला गेले.
बस अर्थातच चुकली. जाववेना त्यांना. शेवटची गुणपत्रिका पडेपर्यंत प्रिंटरशेजारीच उभ्या राहिल्या, एकेक कागद बघत. मग मी सायकल हातात धरून त्यांना सीताबर्डीपर्यंत सोडलं. सदरची शेवटची बस गेली होती, तिथून एक उशिराची सुटते. रस्त्याने सासूचं, दिराच्या पोरांचं, काय काय सांगत होत्या.
त्या बसच्या पायरीवर असताना मी विचारलं, उद्या बोहनी?
"पाहू ना वं," म्हणाल्या. बस निघाली.

शनि. १६
हे सेंटरमध्येच लिहिते आहे, पाठकोऱ्या कागदावर. घरी जाऊन वहीत चिकटवीन.
गठ्ठे बांधून तयार. सेक्रेटरी आलेत, धोतर, छत्री, पंख्याखाली बसलेत. त्यांना फक्त एका पोराचं नाव दुरुस्त करून एकच गुणपत्रिका पुन्हा छापून हवी आहे. दोन मिनिटांचं काम.
मेन टर्मिनलवर लॉगिन म्हणून लुकलुकतंय. कोणी बसलेलं नाही. बेशाची बस अजून आलेली नाही, किंवा आली आणि बाई तिच्यात नव्हत्या. वसंता आज सकाळीच आलाय, कधी नव्हे तो. खिडकीतून सारखा खाली बघतो.
सेक्रेटरींनी विचारलं, "मशीन बंद आहे का?"
साहेब म्हणाले, "नाही जी. बोहनी व्हायची आहे."
ते माझ्याकडे वळले. "तुम्हाला नाही का येत ताई? तुम्हीच लिहिलंय ना हे सगळं?"
म्हटलं, येतं. जरा थांबा.
दुसऱ्यांदा चहा सांगितला साहेबांनी. मशीनपासून हातभर अंतरावर बसले आहे मी, मांडीवर हात ठेवून. लिहिणंही आता थांबवते. जिन्यात चपला वाजतायत, कोणाच्या ते